निकाल, वेतन आणि अभ्यासक्रम : अर्नोल्ड, होम्स आणि जोतीराव फुले

२९ जुलै १८६१ रोजी इंग्लंडच्या शिक्षणसमितीचा उपाध्यक्ष रॉबर्ट लो याने प्राथमिक शाळांच्या अनुदानासंबंधी एक नवी नियमावली काढली. पार्लमेंटचे अधिवेशन संपत आले होते. सभासद गावोगाव परतण्याच्या तयारीत होते. शाळा ज्यांच्या श्रमावर चालत होत्या त्या शिक्षकांना, आणि ज्यांच्या वर्गणीवर चालत होत्या त्या धर्मसंस्थांना, या बदलाची पूर्वकल्पना देण्यात आलेली नव्हती. 'रिव्हाइज्ड कोड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमावलीने जो वाद उभा केला, त्याचे प्रतिध्वनी पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ इंग्लंडमध्ये आणि इंग्रजी अमलाखालील मुंबई इलाख्यातही उमटत राहिले. या वादाकडे सामान्यतः शिक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहिले जाते. त्यातून निर्माण झालेल्या लेखनाकडे मात्र लेखन म्हणून, म्हणजे त्यातील युक्तिवादाचे स्वरूप, त्यात कोण बोलतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. तसे पाहिले असता एक गोष्ट चटकन नजरेत भरते. शिक्षकांची बाजू मांडणारे जे लेख प्रसिद्धीस आले आणि टिकले, ते बहुतांशी शिक्षकांनी लिहिलेले नाहीत. ते तपासनीसांनी लिहिलेले आहेत.

नियमावलीचे स्वरूप प्रथम समजून घेणे अवश्य आहे, कारण तिच्यातील आकडेमोडीतच तिचे तत्त्वज्ञान साठवलेले आहे. १८४६ पासून सर जेम्स के-शटलवर्थ याच्या योजनेनुसार सरकारी अनुदानाचा मोठा भाग प्रशिक्षित शिक्षकाच्या वेतनात भर घालण्यासाठी आणि त्याच्या हाताखालील उमेदवार शिक्षकांना तयार करण्यासाठी खर्च होत असे. म्हाताऱ्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचीही त्यात तरतूद होती. शिक्षक हा काही अंशी सरकारचा माणूस होता. लोच्या नियमावलीने हे नाते तोडले. यापुढे अनुदान शाळेच्या चालकांच्या हाती पडावयाचे आणि शिक्षकाने आपला पगार चालकांशी बोलून ठरवावयाचा. अनुदान किती मिळावयाचे हे मुलांच्या परीक्षेवर अवलंबून. १८६२ च्या वसंतात, बऱ्याच गदारोळानंतर, या योजनेला जे अंतिम रूप मिळाले त्यानुसार सरासरी हजेरीवर दरडोई ४ शिलिंग मिळत. सहा वर्षांवरील ज्या मुलाची हजेरी २०० वेळांहून अधिक भरली असेल त्याच्या नावावर आणखी ८ शिलिंग मिळू शकत. पण तपासनीसाच्या परीक्षेत मूल वाचनात नापास झाले तर २ शिलिंग ८ पेन्स कापले जावयाचे, लेखनात नापास झाले तर तितकेच, गणितात झाले तर तितकेच. ८ शिलिंग म्हणजे ९६ पेन्स. त्यांचे तीन समान भाग करून वाचन, लेखन आणि गणित यांचा प्रत्येकी ३२ पेन्स असा भाव ठरवण्यात आला होता. इतिहास, भूगोल, व्याकरण, गायन यांचा भाव शून्य. ते शिकवू नयेत असे नियमावली कोठेही म्हणत नाही. शिकवल्यास एक पेनीही मिळणार नाही एवढेच ती सुचवते. अभ्यासक्रम आज्ञेने ठरवण्यापेक्षा हिशेबाने ठरवणे किती परिणामकारक असते याचे इतके निखळ उदाहरण विरळाच.

सहा इयत्ता आखण्यात आल्या. पहिलीच्या मुलाने एकाक्षरी शब्दांची छोटी गोष्ट वाचावी, फळ्यावर किंवा पाटीवर अक्षरे काढावीत, वीसपर्यंतचे आकडे लिहावेत. सहावीच्या मुलाने वर्तमानपत्रातील एखादा साधा परिच्छेद वाचावा आणि सांगितल्यावरून लिहून काढावा. मजुराच्या मुलाची शाळा येथे संपली.

लोची बाजू दुर्बळ होती असे समजणे चूक ठरेल, आणि त्याच्या विरोधकांच्या लेखनात हा दोष वारंवार आढळतो. १८५८ मध्ये नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ च्या आपल्या अहवालात असे नमूद केले होते की, शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी फार तर चौथाई मुलांच्या पदरात खरेखुरे शिक्षण पडते. शिक्षक वरच्या वर्गातील हुशार मुलांकडे लक्ष देतात आणि खालचे वर्ग उमेदवारांच्या हवाली करतात. सरकारी खर्च तर वाढत वाढत वर्षाकाठी ८ लाख पौंडांवर गेला होता. तेव्हा प्रत्येक मुलाची, म्हणजे बुद्धूचीही, परीक्षा घेतली तर शिक्षकाला त्याच्याकडे पाहावेच लागेल, हा विचार मुळीच तुच्छ नव्हता. कॉमन्समध्ये लोने आपल्या योजनेचे समर्थन ज्या वाक्यात केले ते सुप्रसिद्ध आहे : ही पद्धती स्वस्त पडली नाही तर कार्यक्षम ठरेल, आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल, अशा आशयाचे ते विधान होते. त्यातील चतुराई उघड आहे. पण या विधानात तिसऱ्या एका शक्यतेला जागाच ठेवलेली नाही : शाळा कार्यक्षम दिसेल, स्वस्तही पडेल, आणि तिच्यात शिक्षण मात्र होणार नाही.

ही तिसरी शक्यता मॅथ्यू अर्नोल्डने ओळखली. १८५१ पासून तो सरकारी तपासनीस होता. म्हणजे ज्या खात्याचा लो प्रमुख होता त्याच खात्याचे वेतन तो घेत होता. मार्च १८६२ च्या 'फ्रेझर्स मॅगझिन'मध्ये 'द ट्वाइस-रिव्हाइज्ड कोड' हा त्याचा निबंध निनावी प्रसिद्ध झाला. वरिष्ठाच्या धोरणावर कनिष्ठाने चालवलेला हा हल्ला धैर्याचा होता, यात शंका नाही. निबंधाचा गाभा एका साध्या निरीक्षणात आहे. वाचन ही सुटी करून शिकवता येणारी कला नव्हे. ज्या घरात पुस्तके आहेत, बोलण्याला विस्तार आहे, त्या घरातील मूल सहज वाचू लागते. ज्या घरात हे काहीच नाही त्या घरातील मुलाला ते शाळेने पुरवावे लागते, आणि शाळा ते इतिहास, भूगोल, गोष्टी, कविता, संभाषण यांच्या द्वारा पुरवते. नियमावली ज्यांना निरुपयोगी म्हणून बाजूला सारते तेच विषय गरीब मुलाच्या वाचनाचे खतपाणी आहेत. ते काढून टाकून वाचनाचे पीक वाढवू पाहणारा शेतकरी शहाणा म्हणता येणार नाही. दुसरा मुद्दा न्यायाचा. मूल जितके दरिद्री, जितके अनियमित, तितके त्याचे अनुदान कमी. म्हणजे ज्या शाळांना मदतीची अधिक गरज त्यांनाच दंड. तिसरा मुद्दा कार्यपद्धतीचा : शाळा ज्यांना प्रत्यक्ष ठाऊक आहेत त्यांचा सल्ला न घेता ही योजना कचेरीच्या आतल्या खोलीत शिजवण्यात आली. अर्नोल्डचा उपरोध येथे विशेष धारदार होतो, आणि निबंधाचा हाच भाग तत्कालीन वाचकांच्या मनात घर करून राहिला असल्यास नवल नाही.

तथापि या निबंधाचे आजवर झालेले कौतुक काहीसे एकांगी आहे. अर्नोल्ड राज्याविषयी बोलतो, संस्कृतीविषयी बोलतो, गरीब मुलाविषयी कळवळून बोलतो. पण ज्याच्या वेतनाची घडी एका रात्रीत विस्कटली तो शिक्षक त्याच्या निबंधात एक साधन म्हणून वावरतो, बोलणारा माणूस म्हणून नाही. याचे एक कारण डावपेचाचे असावे. त्या महिन्यांत शिक्षकांच्या सभा भरत होत्या, अर्ज जात होते, आणि त्यांत वेतन आणि निवृत्तिवेतन यांचा प्रश्न साहजिकच पुढे होता. लोने या अर्जांना एकच उत्तर दिले : हे हितसंबंधी लोक आहेत. ज्याचा पगार कमी होणार तो पगाराच्या बाजूने बोलणारच. त्याचे अभ्यासक्रमाविषयीचे मत ऐकण्याचे कारण नाही. अर्नोल्डला हे उत्तर टाळावयाचे होते, म्हणून त्याने वेतनाचा प्रश्न संस्कृतीच्या प्रश्नामागे झाकला. युक्तिवाद म्हणून हे यशस्वी ठरले. पण त्यामुळे एक चमत्कारिक संकेत रूढ झाला. शिक्षकाने अभ्यासक्रमाविषयी बोलावे तर त्याने आपल्या पोटाविषयी बोलू नये, आणि पोटाविषयी बोलला तर अभ्यासक्रमाविषयीचा त्याचा अधिकार संपला, असे दोन्ही पक्षांनी मानून घेतले. वस्तुतः रिव्हाइज्ड कोडचे सारे सामर्थ्य या दोहोंच्या गाठीत होते. ३२ पेन्सांना गणित विकत घेणाऱ्या सरकारने वेतन आणि अभ्यासक्रम आधीच एक करून टाकले होते.

पुढे शाळांत काय घडले याची साक्ष अर्नोल्डच्याच वार्षिक अहवालांत सापडते, आणि हे अहवाल त्याच्या निबंधापेक्षा अधिक मोलाचे आहेत असे म्हणण्यास हरकत नाही. निबंधात तत्त्वे आहेत; अहवालांत वर्गातील धूळ आहे. युरोपातील शाळा पाहून परतल्यावर १८६७ च्या अहवालात तो सांगतो की, इंग्लंडमधील शाळांत पूर्वीचा जिवंतपणा उरलेला नाही, सारे यंत्रवत झाले आहे. दोन वर्षांनी तो या यंत्राची रीतच उलगडून दाखवतो. परीक्षेसाठी वर्षभर एकच वाचनपुस्तक नेमलेले असते. मूल ते तोंडपाठ करते, तपासनीसासमोर धडधडा म्हणते आणि वाचनात पास होते, जरी दुसरे कोणतेही पुस्तक त्याला वाचता येत नसले तरी. हा एक खेळ आहे, आणि या खेळात शिक्षक तपासनीसावर मात करावयास शिकतीलच, नव्हे त्यांना शिकावेच लागेल, असा त्याचा निष्कर्ष आहे. 'दिपोटीसाहेब' येणार म्हणून महिनाभर आधी कविता घोटून घेणारी शाळा ज्या मराठी पिढ्यांनी पाहिली, त्यांना हा खेळ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पैशांची बचत मात्र झाली. अनुदानाची रक्कम चार वर्षांच्या आत साडेसहा लाख पौंडांच्या खाली आली, आणि शिक्षकी पेशात उमेदवारी करू इच्छिणाऱ्या मुलांची संख्याही घटली. लोच्या विधानाचा उत्तरार्ध खरा ठरला.

लोच्या पतनाची कथा या संदर्भात उल्लेखनीय आहे. एप्रिल १८६४ मध्ये कॉमन्समध्ये असा आरोप झाला की, खात्याच्या धोरणाला प्रतिकूल अशी तपासनीसांची मते त्यांच्या अहवालांतून गाळली जातात. लॉर्ड रॉबर्ट सेसिल याचा ठराव १०१ विरुद्ध ९३ मतांनी संमत झाला आणि लोने राजीनामा दिला. पुढे चौकशीत ठपका मागे घेण्यात आला, हे खरे. तरीही ज्या मंत्र्याने शाळेची सारी किंमत लेखी निकालात मोजली, त्याचे पद लेखी अहवालांतील काटछाटीच्या आरोपावरून जावे, हा योगायोग लक्षणीय आहे. नियमावली मात्र राहिली. १८६७ पासून तिच्यात इतर विषयांसाठी थोडथोडे पैसे घालण्यात आले. म्हणजे रोगावर रोगाचाच उतारा. इतिहास शिकवल्यास काही पेन्स मिळू लागले, तेव्हा इतिहासही पाठ करवून घेतला जाऊ लागला.

अर्नोल्डच्या अहवालांत शिक्षकांविषयी जे लिहिले आहे ते सर्वस्वी सहानुभूतीचे नाही. उमेदवार शिक्षकांच्या सांस्कृतिक दारिद्र्याची तो उदाहरणे देतो. 'मॅकबेथ' नाटकात व्याधिग्रस्त मनावर इलाज करता येत नाही काय, असे वैद्याला विचारले जाते. त्याचा गद्यानुवाद एका उमेदवाराने वेड्याची सेवाचाकरी करता येत नाही काय अशा अर्थाचा केला होता. उदाहरण विनोदी आहे, आणि अर्नोल्डच्या हाती ते काव्यशिक्षणाच्या समर्थनार्थ येते. पण ज्या शिक्षकाची बाजू आपण मांडतो तो आपल्याहून हीन आहे ही जाणीव येथे पुसटशी डोकावते. पुढे पन्नास वर्षांनी हीच जाणीव एडमंड होम्सच्या बाबतीत उघड स्फोटाला कारण झाली.

होम्स १८७५ मध्ये तपासनीस झाला आणि १९०५ ते १९१० या काळात प्राथमिक शाळांचा मुख्य तपासनीस होता. निकालावर अनुदान देण्याची पद्धती १८९० नंतर सैल होत जाऊन १८९७ पर्यंत नाहीशी झालेली होती. तिच्या विनाशात १८७० मध्ये स्थापन झालेल्या प्राथमिक शिक्षकांच्या राष्ट्रीय संघाचा वाटा मोठा होता. निवृत्तीनंतर, १९११ मध्ये, होम्सने 'व्हॉट इज अँड व्हॉट माइट बी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. 'द क्रीड ऑफ बुद्ध' या १९०८ च्या ग्रंथाचा लेखक म्हणून तो आधीच परिचित होता, आणि भारतीय विचाराची छाया या शिक्षणविषयक पुस्तकावरही आहे. आत्मविकासाची त्याची कल्पना लंडनच्या कचेरीत जन्मलेली नाही. पुस्तकाचा पूर्वार्ध म्हणजे एका अधिकाऱ्याचा कबुलीजबाब आहे. तीस वर्षे परीक्षा घेणाऱ्या माणसाने असे लिहावे की, या पद्धतीने मुलाला शिक्षकाच्या, शिक्षकाला तपासनीसाच्या आणि तपासनीसाला कचेरीच्या आधीन केले, व वरपासून खालपर्यंत कोणाचाही कोणावर विश्वास राहिला नाही, यात वाचकाला हलवून टाकणारे बळ आहे. त्याचे सर्वांत तीक्ष्ण निदान असे : पद्धती गेली तरी तिने घडवलेला शिक्षक राहिला. ज्याला तीन दशके स्वतः विचार करू दिला नाही त्याला एके दिवशी तू स्वतंत्र आहेस असे सांगून चालत नाही. उत्तरार्धात होम्स 'युटोपिया' या टोपणनावाच्या गावातील 'एजेरिया' या शिक्षिकेचे चित्र रेखाटतो. ही शिक्षिका काल्पनिक नव्हे. ससेक्समधील सॉम्प्टिंग येथील हॅरिएट फिन्ले-जॉन्सन ती. इतिहासापासून भूगोलापर्यंत सारे ती मुलांना नाट्यरूपाने शिकवीत असे. हा भाग अतिशयोक्त आहे, क्वचित स्तोत्राच्या सुरात जातो. परंतु या संपूर्ण वादवाङ्मयात एका प्रत्यक्ष शिक्षकाचे प्रत्यक्ष काम इतक्या जवळून क्वचितच वर्णिलेले आढळते.

आणि तरीही हाच होम्स. जानेवारी १९१० मध्ये, अधिकारावर असताना, त्याने स्थानिक मंडळांनी नेमलेल्या तपासनीसांविषयी एक गुप्त परिपत्रक तयार केले होते. हे तपासनीस बहुधा प्राथमिक शिक्षकांतून आलेले असत. असे लोक असंस्कृत आणि अर्धशिक्षित असतात, ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून आलेले चांगले, असा त्यातील अभिप्राय होता. मार्च १९११ मध्ये ते कॉमन्समध्ये वाचून दाखवले गेले. शिक्षकांचा संघ संतापून उठला; मंत्री रन्सिमन याचे खाते बदलले आणि खात्याचा प्रबळ सचिव सर रॉबर्ट मोरंट यालाही वर्षअखेर तेथून जावे लागले. ज्या वर्षी होम्सचे पुस्तक शिक्षकाच्या मुक्तीचा जाहीरनामा म्हणून वाचले जात होते त्याच वर्षी त्याच्या परिपत्रकाविरुद्ध शिक्षकांच्या सभा गाजत होत्या. हा विरोध केवळ ढोंगाचा म्हणून निकालात काढता येणार नाही. पुस्तक नीट वाचले तर परिपत्रकाचे बीज त्यातच दिसते : पद्धतीने शिक्षकाला पंगू केले आहे, असे एकदा म्हटले की पंगू माणसाच्या हाती अधिकार देण्याचा प्रश्नच उरत नाही. अर्नोल्ड आणि होम्स हे दोघेही शिक्षकाला वाचवू इच्छितात. निर्णयाच्या खुर्चीवर बसवण्यास दोघेही तयार नाहीत.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९०५ मध्ये खात्याने शिक्षकांसाठी 'सूचनां'चे पुस्तक काढून प्रत्येकाने आपल्यापुरता विचार करावा असे त्यांना सांगितले. १९२६ मध्ये प्राथमिक शाळेचे विषय ठरवून देणे सरकारने सोडले. आणि पुढची काही दशके इंग्रज शिक्षकाने युरोपात हेवा वाटावा असे स्वातंत्र्य उपभोगले. १९६२ मध्ये मंत्रालयाने अभ्यासक्रमासाठी एक छोटा अभ्यासगट नेमला, तर तेवढ्यानेही शिक्षकसंघ सावध झाले आणि १९६४ मध्ये शिक्षकांना बहुमत असलेली शाळापरिषद निर्माण करावी लागली. हे स्वातंत्र्य कायद्याने दिलेले नव्हते. सरकारने दुसरीकडे पाहिल्यामुळे ते लाभले होते. सरकार पुन्हा इकडे पाहू लागताच ते संपले. १९८८ च्या शिक्षणसुधारणा कायद्याने केनेथ बेकर याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि ७, ११ व १४ या वयांना सरकारी चाचण्या लावल्या. आता दर मुलामागे पेन्स मोजले जात नव्हते. पण शाळांचे निकाल प्रसिद्ध व्हावयाचे, पालकांनी ते पाहून शाळा निवडावयाची आणि मुलांच्या संख्येवर शाळेला पैसा मिळावयाचा, ही योजना लोला परकी वाटली नसती.

१९९३ चा बहिष्कार हा या वादातील शिक्षकांचा सर्वांत मोठा विजय. त्याची सुरुवात इंग्रजीच्या शिक्षकांनी केली. १४ वर्षांच्या मुलांसाठी शेक्सपिअरचे नेमलेले नाटक आणि साहित्यातील वेच्यांचा सरकारी संग्रह यांवर चाचणी बेतण्यात आली होती. हे साहित्य शिकवणे नव्हे, त्याचे तुकडे करणे आहे, असा त्यांचा आक्षेप होता. अर्नोल्डने तो आपला म्हणून ओळखला असता. पण खटला उभा राहिला तेव्हा हा आक्षेप मागे पडला. वाँड्सवर्थ येथील स्थानिक मंडळाने बहिष्कार पुकारणाऱ्या संघाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. शिक्षकांना चाचण्यांचे धोरण मान्य नाही, म्हणून हा संप राजकीय आहे, असे मंडळाचे म्हणणे. संघाने मतदान घेताना प्रश्नाची शब्दयोजना विचारपूर्वक केली होती. तिच्यात कामाचा अवाजवी बोजा हा शब्दप्रयोग अग्रस्थानी होता. एप्रिल १९९३ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, वाद प्रामुख्याने कामाच्या बोजाविषयी असल्यामुळे तो मालक-नोकरांमधील वाद होय आणि म्हणून बहिष्कार कायदेशीर आहे. चाचण्या त्या उन्हाळ्यात कोलमडल्या. सर रॉन डिअरिंग याने केलेल्या फेरतपासणीत अभ्यासक्रमाला कात्री लागली, शाळांना आपल्या इच्छेप्रमाणे वापरण्यासाठी पंचमांश वेळ मोकळा ठेवावा आणि पाच वर्षे नवे बदल करू नयेत असे ठरले.

१८६२ आणि १९९३ यांची तुलना येथे अनिवार्य होते. १८६२ मध्ये शिक्षक पगाराविषयी बोलले म्हणून त्यांचे अभ्यासक्रमाविषयीचे बोलणे हितसंबंधी ठरून फेटाळले गेले. १९९३ मध्ये ते कामाच्या तासांविषयी बोलले म्हणूनच जिंकले; शेक्सपिअरविषयी बोलले असते तर कायद्याने हरले असते. दोन्ही प्रसंगी राज्यसंस्थेची धारणा एकच आहे : शिक्षक हा नोकर आहे, आणि नोकराला गाऱ्हाणे असू शकते, मत असू शकत नाही. विजयाच्या गडबडीत ही धारणा तशीच राहिली. त्यामुळे डिअरिंगने जे दिले ते बोजा हलका करण्याच्या स्वरूपाचे होते, आणि पुढील सरकारांनी वाचनाचा व गणिताचा तास मिनिटांच्या हिशेबाने आखून दिला तेव्हा शिक्षकांपाशी आधार म्हणून दाखवण्यास तत्त्व नव्हते. १४ वर्षांच्या मुलांच्या त्या चाचण्या २००८ मध्ये रद्द झाल्या, त्याही उत्तरपत्रिका तपासण्याची व्यवस्था कोसळल्यानंतर.

वेतन आणि अभ्यासक्रम यांची ही फारकत अपरिहार्य होती काय, या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडबाहेर, पुण्यात, मिळते. मुंबई इलाख्यात १८६५ पासून खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत सुरू झाली होती. लोची नियमावली तीन वर्षांतच समुद्र ओलांडून आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे इंग्रजी निवेदन सादर केले ते सामान्यतः बहुजनांच्या शिक्षणाची मागणी म्हणून वाचले जाते, आणि ते तसे आहेच. परंतु अभ्यासक्रमवादातील एक लेख म्हणून त्याची रचना पाहण्यासारखी आहे. जोतीराव स्वतः १८४८ पासून शाळा चालवलेले आणि शिकवलेले गृहस्थ होते. त्यांच्या निवेदनात शिक्षकाचे वेतन आणि मुलांचा अभ्यास हे शेजारी शेजारी, कोणताही संकोच न बाळगता, येतात. खेड्यातील शिक्षकाला दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन नसावे, मोठ्या गावी ते १५ किंवा २० पर्यंत असावे. गावाचे हिशेब तपासणे, दस्तऐवज नोंदणे, टपाल सांभाळणे अशी कामे त्याच्याकडे दिल्यास गावात त्याचे वजन वाढेल. अभ्यासात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे धडे असावेत; शेतीच्या पाठासाठी लहानसे नमुन्याचे शेत असावे. चालू क्रमिक पुस्तके व्यवहारोपयोगी नाहीत, ती नव्याने तयार करावीत. तपासनीसाने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही. त्याने तीन महिन्यांनी यावे, आणि पूर्वसूचना न देताही यावे.

शेवटच्या मागणीचे मर्म अर्नोल्डच्या १८६९ च्या अहवालाशेजारी ठेवले म्हणजे उमगते. ठरलेल्या दिवशी येणारा तपासनीस हा खेळातला प्रतिस्पर्धी. न कळवता येणारा तपासनीस शाळा जशी असते तशी पाहतो. निकालावर पैसे देण्याच्या तत्त्वालाही जोतीराव सरसकट नाकारीत नाहीत. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या खेड्यातील शिक्षकाला उत्तेजन म्हणून वेतनाशिवाय वेगळा भत्ता द्यावा असे ते सुचवतात. येथे 'वेतनाशिवाय' हा शब्द निर्णायक आहे. लोच्या हिशेबात मूल नापास झाले की शिक्षकाच्या भाकरीतून तुकडा कापला जातो. जोतीरावांच्या हिशेबात भाकरी आधी ठरलेली आहे, मग वर काही मिळाले तर मिळाले. शिवाय शिक्षक कोण असावा, हा प्रश्न अर्नोल्ड संस्कृतीच्या आणि होम्स विद्यापीठाच्या मापाने सोडवतो. जोतीरावांचे माप निराळे आहे. शिक्षक शेतकरी वर्गातून यावा, गावातील लोकांत मोकळेपणाने मिसळणारा असावा, प्रसंगी नांगर किंवा सुताराची वाकस हाती धरण्यास लाजणारा नसावा. बहुसंख्य शिक्षक ज्या एका वर्गातून येतात त्याच्या सोवळेपणामुळे शाळा आणि गाव यांत अंतर पडते, ही त्यांची टीका कठोर आहे, आणि शिक्षकांनाही ती त्या काळी रुचली नसणार. शिक्षकाची बाजू घेणे म्हणजे आहे त्या शिक्षकाची बाजू घेणे असे ते मानत नाहीत. होम्सच्या परिपत्रकाशी या टीकेचे वरवरचे साम्य कोणाला दिसल्यास त्याने दिशा ध्यानात घ्यावी : होम्सला वर्गाबाहेरचा माणूस वरून आणावयाचा आहे, जोतीरावांना तो गावातून वर काढावयाचा आहे.

हे निवेदन आयोगाच्या कागदपत्रांत छापले गेले. १८८३ च्या आपल्या अहवालात आयोगाने शिफारस केली ती अशी की, प्राथमिक शाळांना द्यावयाची मदत सर्वसाधारण नियम म्हणून बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावरून ठरवावी. मागासलेल्या भागांतील शाळांपुरता अपवाद करण्यास हरकत नाही. इंग्लंडमध्ये त्या वेळी लोच्या नियमावलीला वीस वर्षे होऊन गेली होती, आणि ती कशी फसली याचे अर्नोल्डने लिहिलेले अहवाल सरकारी खर्चाने छापून तयार होते. हिंदुस्थानात ही पद्धती मोडीत निघण्यास लॉर्ड कर्झनची कारकीर्द उजाडावी लागली.